लाल फुलीचं मशीन

"मामा, मासा हुडकायचा म्हंजी काय अवघड हाय का? लोखंडाच्या पोटातली केसाएवढी भेग मी वरनं सांगतो! मासा तर जिता हाय, हलतोय, डुलतोय. त्याचं काय एवढं!"

असं चिमाजीनं आपल्या सासऱ्याला सांगितलं, आणि तेही भर हॉटेलात, कंपनीतले सात-आठ जण चहा पीत बसलेले असताना. हीच बढाई घरात मारली असती तर घरातच जिरली असती. पण पिंपरीच्या हॉटेलात मारलेली बढाई पहिल्या शिफ्टच्या आधी गेटवर पोचते! दुसऱ्या दिवशी वॉचमननंच कार्ड बघता बघता विचारलं, "काय चिमाजीराव, गावला का मासा?"

चिमाजी कंपनीत इन्स्पेक्शनला होता. त्याच्या टेबलावर दोन डबे असायचे, एक हिरव्या रंगाचा आणि एक लाल रंगाचा. माल मापात बसला की हिरवा ठिपका, नाही बसला की लाल फुली. एकदा लाल फुली पडली की खुद्द मॅनेजर आला तरी चिमाजी ती पुसायचा नाही. बरं, ही सवय कंपनीत ठेवून घरी यावं की नाही? छे! रहाटणीच्या घरात भाकरी एका बाजूला जाड झाली की हा ताटावरून विचारणार, "गिरजा, ही भाकरी कुणी पास केली?" गिरजाबाई शांतपणे म्हणायची, "मी. रिजेक्ट करायची असंल तर उपाशी झोपा." की भाकरी पास!

आता सासऱ्याची अडचण काय होती ते सांगतो. खंडू भोई पुनावळ्याचा. उभा जन्म त्यानं पवनेच्या पात्रात मासे धरले. पण कारखाने आले, खाली पात्रात मासा उरला नाही, म्हणून म्हाताऱ्यानं आपली छोटी नाव टेंपोत घालून वर पवना धरणावर नेली. तिथल्या मच्छीमार सोसायटीनं परवाना दिला, पण अट घातली. लागोपाठ तीन रविवार चाळीस किलो मासा वजनाला आला नाही तर परवाना रद्द! आणि धोंडीबा नावाचा एक वस्ताद आपल्या दुसऱ्या नावेसाठी त्याच परवान्यावर टपून बसलेला. एकोणऐंशी सालच्या मे महिन्यातले दोन रविवार खंडू रिकामा परतला होता. तिसरा येत्या आठवड्यात होता.

"नदीत मी बुडबुड्यावरनं मासा वळखायचो, जावईबापू," खंडू म्हणाला. "हितं पाणी हे खोल! बुडबुडा वर येस्तवर मासा तळेगावात पोचतोय. नाव गेली तर मी घरात बसून करू काय? नातवंडांच्या नाकाचा शेंबूड पुसू?"

म्हाताऱ्याचे डोळे पाणावले. चिमाजीला खरंच वाईट वाटलं. खंडूनं पोटच्या पोरासारखा लळा लावला होता त्याला. तो म्हणाला, "मामा, मुंबईच्या बोटींवर मासा दाखवायचं मशीन असतंय. आपुन बसवू. पण मशीन खात्रीचं पायजे. ते निवडायचं काम माझ्यावर सोडा."

आता साध्या माणसानं काय केलं असतं? एक मशीन मिळवलं असतं, नावेत टाकलं असतं, बघितलं असतं. पण चिमाजी म्हणजे चिमाजी! कंपनीत साधा झाडू घ्यायचा तरी तीन ठिकाणचे नमुने मागवून ट्रायल घेतात. म्हणून मशीनंही तीन!

पहिलं आणलं सरदारभाईनं. सरदारभाईचं भंगाराचं दुकान होतं, आणि मोडीत निघालेल्या एका ट्रॉलरवरचं हे धूड त्याच्याकडे आलं होतं. बटण दाबलं की आत कागद सरकायचा आणि एक सुई त्यावर पाण्याचं चित्र काढायची. चालू असताना कागद जळाल्यासारखा वास यायचा. दुसरं सांगवीच्या एका खलाशानं परदेशातून आणलेलं, गोल तबकडीचं, लाल दिव्याचं, दिसायला एकदम नवरदेव! आणि तिसरं बनवलं हनीफनं.

हनीफ रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच्या हाताखालून गेलेला रेडिओ हमखास बोलायचा, फक्त पुणे केंद्र लावलं की कधीकधी सिलोन लागायचं. त्यानं भंगारातल्या कसल्याशा पेटीला रेडिओचा कर्णा जोडला आणि सायकलच्या ट्यूबमध्ये तारांचं वेटोळं घालून ते दोरीला बांधलं.

"चिमाजीभाऊ, हे वेटोळं पाण्यात सोडायचं. खाली काही आलं की कर्णा बोंबलतो. अल्ला कसम, तुमच्या धरणातला मासा पळून जायचा नाही!"

"ते ट्रायल ठरवंल," चिमाजी कडकपणे म्हणाला.

ट्रायलसाठी माप लागतं. मापाचं हत्यार, म्हणजे गेज, तपासायचा तर ज्याचं माप आधीच ठाऊक आहे असा स्टँडर्ड पीस लागतो. चिमाजीनं डोकं चालवलं. घरामागे चार घरांत मिळून एक पायऱ्यांची विहीर होती. त्यात मोजून बारा मासे सोडायचे. जे मशीन बारा दाखवील ते पास, बाकीची रिजेक्ट! आहे की नाही अक्कल? शुक्रवारी संध्याकाळी त्यानं हातभर लांबीचे बारा जिवंत मरळ पिंपात घालून आणले आणि स्वतःच्या हातानं, मोठ्यानं मोजत विहिरीत सोडले. वहीत लिहिलं, "मासे, नग बारा." खाली तारीख, वेळ आणि सही.

शेजारच्या कौशल्याबाई घागर घेऊन उभ्या होत्या. त्या माळकरी. "चिमाजी, बाबा, हे काय टाकतोस आमच्या पाण्यात?"

"काकू, एका दिवसाचा प्रश्न हाय. विज्ञानाचं काम चाललंय."

"माझ्या घागरीत विज्ञान आलं तर बघ!" असं म्हणून त्या निघून गेल्या.

रात्री जेवताना चिमाजी ट्रायलचा तक्ता आखत होता. पट्टी, पेन्सिल, रकाने. तक्त्यावरून नजर न काढता त्यानं फर्मान सोडलं, "गिरजा, उद्या ट्रायल बघाया पंधराएक माणसं येणार हायत. मामा बी येतील. झणझणीत माशाचं कालवण कर."

"मासं कुठनं आणू?"

"एवढं बी मीच सांगू का? बघ की तू! भोयाची लेक ना?"

गिरजाबाईनं मान हलवली. चिमाजीनं पुढचा रकाना आखला.

शनिवारी पहिली शिफ्ट सुटली आणि चार वाजता विहिरीवर ही गर्दी! कंपनीतले लोक, आळीतले लोक, पोरंटोरं, कुणीतरी शेंगावाल्यालाही बोलावलेलं. चिमाजी शर्ट खोचून, कानावर पेन्सिल लावून कठड्यापाशी उभा. पायाशी लाल आणि हिरवा डबा. विहिरीचं पाणी उन्हाळ्यानं छातीएवढ्यावर उतरलेलं आणि गढूळ, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. गिरजाबाई आणि बाकीच्या बाया घरात चुलीशी होत्या. खंडू टोपी हातात घेऊन, परीक्षेला बसल्यासारखा एका दगडावर टेकला होता.

आधी तबकडीचं मशीन लावलं. दिवा लागला, गरकन फिरला, लोकांनी "वाऽऽ" केलं. तेवढ्यात फट्! धूर निघाला आणि नवरदेव काळा पडला. खलाशी म्हणाला, "परदेशात असं करत नव्हतं हो!" चिमाजीनं लाल फुली मारली.

मग सरदारभाईचं धूड. सुई खरखरली, कागद सरकला. पाण्याची रेघ आली, तळाची रेघ आली. मध्ये सगळं कोरं. चिमाजीनं त्याची पाण्यात सोडलेली तार चारी कोपऱ्यांत फिरवली. कोरं! पंधरा मिनिटं झाली. तळ असा सुबक उमटला होता, की त्यावरून विहिरीचा नकाशा करावा. पण मासा एकही नाही.

"रिजेक्ट!" चिमाजीनं डब्यात ब्रश बुडवला.

"थांबा थांबा, साहब!" सरदारभाई मध्ये आला. "मासाच नसेल तर मशीन काय स्वतःच्या घरचा मासा आणून दाखवेल का?"

सगळी आळी खो खो हसली. चिमाजीनं वही उघडून सही दाखवली. "नग बारा! मी स्वतः सोडलेत. माझ्या मोजणीवर शंका?"

"पन जावईबापू," खंडू हळूच म्हणाला, "तळ तर झ्याक दिसतोय की."

"तळ कुणाला खायाचाय, मामा!"

पेटी सरदारभाईची, पण चिमाजीला थांबवतो कोण? त्यानं पेटीच्या दोन्ही बाजूंना वीतवीत लांबीची लालभडक फुली ओढली. सरदारभाईचा चेहरा त्या रंगाहून लाल झाला. "गिऱ्हाईक बघणार कसं आता ह्याच्याकडं?" असं पुटपुटत त्यानं पेटी हातगाडीवर टाकली आणि जेवायलाही न थांबता निघून गेला.

हनीफनं बिस्मिल्ला म्हणून वेटोळं पाण्यात सोडलं. तळाशी पोचलं मात्र, कर्णा ओरडला, "कुंईऽऽ!" चिमाजीनं वहीत रेघ मारली. वेटोळं वीतभर सरकवलं. "कुंईऽऽ!" दुसरी रेघ. लोक मोजायला लागले. सात... आठ... नऊ... आळी नुसती दणाणली! शेवटच्या कोपऱ्यात बारावी "कुंईऽऽ" झाली आणि पुढं एकदम गप्प. पुन्हा सगळीकडे फिरवलं. बारा म्हणजे बाराच!

लोकांनी हनीफला खांद्यावर घेतलं. चिमाजीनं आनंदानं कर्ण्यावर हिरवा ठिपका लावला! खंडू उठून त्याच्यापाशी आला. "जावईबापू, माझी नाव वाचीवली तुमी."

नंतर अंगणात पंगत बसली. कालवण असं झालं होतं, की बोलायला कुणाचं तोंड रिकामं नव्हतं. चिमाजीनं तीनदा घेतलं आणि म्हणाला, "मामा, मासा लई ताजा हाय!" खंडूला वाटलं, जावयानं बाजारातून आणला असेल. चिमाजीला वाटलं, सासऱ्यानं आणला असेल. दोघंही एकमेकांकडे कौतुकानं बघत काटे काढत राहिले.

रविवारी पहाटेच हनीफ, खंडू आणि चिमाजी मशीन घेऊन धरणावर पोचले. काठावर सोसायटीचा वजनकाटा होता. चेअरमन जयसिंगराव खुर्ची टाकून बसले होते. शेजारी धोंडीबा उगाच दोरी गुंडाळत होता आणि गालात हसत होता.

"खंडूबा, आज शेवटचा रविवार बरं का," जयसिंगराव म्हणाले.

"आज काटा मोडंल चेअरमनसाहेब!" उत्तर चिमाजीनं दिलं. काय गरज होती? पण दिलं!

नाव पाण्यात गेली. दहा वाजले, अकरा वाजले, कर्णा मुका. ऊन डोक्यावर आलं. खंडू वल्ही मारून दमला. चिमाजी दर पाच मिनिटांनी हिरव्या ठिपक्याकडे बघायचा आणि स्वतःला धीर द्यायचा. दुपारी नाव धरणात बुडालेल्या एका गावावर आली. पाणी उतरलं होतं, देवळाचा कळस वर डोकावत होता. देवळापुढं नदीचा जुना घाट, घाटाखाली डोह. वेटोळं तिथं सोडलं आणि कर्णा जो बोंबलला! कुंई, कुंई, कुंई, थांबायलाच तयार नाही!

"मामा! झुंड हाय झुंड! टाका जाळं!"

खंडूनं जाळं टाकलं, तळापर्यंत जाऊ दिलं, ओढायला लागला. जाळं हलेना. तिघांनी ओढलं. नाव एका अंगाला कलली. "लई वजन हाय!" खंडूला हर्षवायू व्हायचा बाकी. "चाळीस काय, शंभर किलो भरंल! ओढा जावईबापू, ओढा! आरं सोन्या माज्या, ये वर!"

जाळं वर आलं. आधी ठण्ण असा आवाज आला.

जाळ्यात एक तांब्याचं घंगाळ होतं. दोन कळशा होत्या. पाचसहा तांबे, एक परात, बैलाच्या गळ्यातली घुंगरं आणि चिखलानं भरलेला एक भला मोठा पितळी हंडा! हंड्याच्या आत बोटभर लांबीचा एक चिलापी होता. तोही घाबरून बाहेर बघत होता.

खंडूनं हंड्यात डोकावून बघितलं. मग खंडू म्हणाला, "जावईबापू, हे मासं जरा कडक हायत."

हनीफ डोकं खाजवत होता. "चिमाजीभाऊ, एक सांगू का? रागावू नका. त्या पेटीचं आतलं सामान तुमच्याच कंपनीच्या भंगारातलं. पूर्वी गेटवर लावलेलं म्हणे. कामगार पितळ घेऊन बाहेर जाऊ नयेत म्हणून."

चिमाजीनं हिरवा ठिपका तळहातानं झाकला. पण मग विहिरीत बारा कसे मोजले? हे कोडं काही त्याला सुटेना.

नाव काठाला लागली. धोंडीबानं जाळं बघितलं आणि दोरी टाकून पोट धरून हसला. "खंडूबा, मासा कुठाय? का भांड्यांचं दुकान काढतोस?" काठावरचे लोक हसले. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. चिमाजीला वाटलं, ह्यापेक्षा धरणात उडी मारावी! जयसिंगरावांनी सुस्कारा सोडला आणि परवान्याचं बुक उघडलं.

तेवढ्यात त्यांची आई दुर्गाबाई पोराला चहा घेऊन आली. साठीची बाई, पण नजर घारीची. कप तसाच हातात ठेवून ती हंड्यापाशी थबकली. पदरानं तिनं काठावरचा चिखल पुसला. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे लग्नात भांडं दिलं की त्यावर नाव घातल्याशिवाय देत नाहीत. हंड्यावर ठसठशीत अक्षरं होती. कुणीतरी वाचलं, "चि. सौ. कां. दुर्गा हिस धाकट्या मामांकडून."

कप खाली पडला. दुर्गाबाईंनी अशी आरोळी ठोकली, की देवळाच्या कळसावरचे बगळे उडाले!

"तेहतीस वर्सं! तेहतीस वर्सं सासू म्हणत व्हती, हंडा माहेरी धाडला, भावाच्या घरात भरला! मी गळा फाडफाडून सांगितलं, आमच्या त्या बुडालेल्या गावच्या घाटावर घासताना पुरात व्हावून गेला! मरताना तोंडात गंगाजळ घातलं, ते गिळून पुन्हा इचारलं, हंडा कुठाय! हा बघा हंडा! बघा गं सगळ्याजणी!"

बाई रडत होती आणि हसतही होती. हंडा कमरेवर घेऊन ती काठभर फिरली, प्रत्येकाला नाव दाखवलं, वाचता न येणाऱ्यांना दोनदा दाखवलं. मग जयसिंगरावांपुढे उभी राहिली. "ह्या भोयाचा परवाना तू काढून घेणार?"

"आई, नियम हाय. मासा न्हाई."

"तुज्या आईची बुडालेली अब्रू वर काढली त्यानं पाण्यातनं! आन तू मासा मोजतोस?"

चेअरमन असला तरी आईपुढे तो जयश्याच! त्यानं बुक मिटलं. "एक रविवार वाढवून देतो. एकच! पुढच्या खेपेला चाळीस किलो मासाच पायजे."

रात्री चिमाजी घरी आला, सगळी हकिकत सांगितली आणि डोकं धरून बसला. "समदं पटलं, गिरजा. फक्त एक पटत न्हाई. मशीन पितळ हुडकतं, तर हिरीतलं बारा मासं त्यानं मोजलं कसं?"

गिरजाबाईनं पोळपाट बाजूला ठेवला. "हिरीतलं कुठलं मासं?"

"मी शुक्रवारी सोडलेलं, नग बारा!"

"अवो, ते तर शनिवारी सकाळीच मी काढलं! तुमी कामावर गेला आन मी पायऱ्या उतरून जाळीनं समदं धरलं. कालवण कशाचं केलं मग? मला वाटलं, ताजं ऱ्हावं म्हणून हिरीत ठेवलंत. आमच्या पुनावळ्याला समदे तसंच ठेवत्यात की!"

चिमाजीनं वही उघडून बघितली. स्वतः मोजून, सही करून ठेवलेला स्टँडर्ड पीस त्यानं तीनदा मागून घेऊन खाल्ला होता! दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीत लोखंडी गळ टाकला तर आजवर बुडालेल्या चार बादल्या, पाच घागरी आणि कौशल्याकाकूंचे तीन तांबे निघाले. बेरीज बारा. म्हणजे हनीफचं मशीनही खरं तेच बोललं होतं. आणि सरदारभाईचं धूड? ज्या विहिरीत मासा नाही तिथं मासा नाही, असं छातीठोकपणे सांगणारं ते एकच मशीन होतं, आणि त्यालाच चिमाजीनं दोन्ही अंगांनी लाल फुली मारली होती!

तो सायकल हाणत सरदारभाईच्या दुकानात गेला. सरदारभाई पान लावत होता.

"सरदारभाई, चुकलं माझं. मशीन द्या."

"गेलं साहब. काल संध्याकाळीच धरणावरचा धोंडीबा घेऊन गेला. म्हणाला, ज्याला तो इन्स्पेक्टर नापास करतो ते चांगलंच असणार!"

पुढच्या रविवारी चिमाजी नावेत बसलाच नाही. काठावर बाभळीखाली पाठ करून बसला. कंपनीत त्याला लोक आधीच "नग बारा" म्हणून हाक मारायला लागले होते. तेवढं चाललं असतं. पण संध्याकाळी म्हाताऱ्याचं तोंड कसं बघायचं? त्यानं ठरवलं, परवाना गेला तर मामांना आपल्या घरी न्यायचं, आणि जन्मभर ह्या विषयावर तोंड उघडायचं नाही.

नावा परतल्या. धोंडीबाचं वजन झालं, सत्तर किलो. चिमाजीनं कान झाकले. मग खंडूची पाटी काट्यावर चढली आणि जयसिंगराव ओरडले, "बावन्न! खंडूबा, पास!"

चिमाजी धावत आला. "मामा! कसं काय? मशीन तर..."

"मशीन कशाला पायजे?" खंडूच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "धोंडीबा मशीन नावेच्या टोकाला लावतो. दोन्ही बाजूला तुमची ती लाल फुली! मैलावरनं दिसती! ती जिथं थांबंल तिथं आपुन दहा वल्ही अलीकडं जाळं टाकायचं. दुसरं हाय काय त्यात? जावईबापू, धरणात समद्यात खात्रीचं काय निघालं असंल तर तुमची फुली!"

चिमाजीला हसावं की रडावं कळेना. म्हाताऱ्यानं त्याला बाजूला ओढलं, इकडं तिकडं बघितलं आणि त्याच्या कानाशी लागला.

"फकस्त एक काम करा. ह्या उन्हानं रंग उडाया लागलाय. पुढल्या खेपेला कंपनीतनं तो लाल डबा घेऊन या, आन धोंडीबाचा डोळा चुकवून एक हात अजून मारा!"

आणि तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. पुढच्या शनिवारी एकदा मारलेली फुली पुसायची नाही म्हणून जन्मभर अडून बसलेला आमचा चिमाजी, ब्रश शर्टात लपवून, धोंडीबाच्या नावेपाशी गुडघाभर पाण्यात उभा होता.